जातो म्हणू नये

सिनेमात माझ्या वडिलांना सहा फूट उंची दिली आहे, दाट कुरळे केस दिले आहेत आणि हातात बासरी दिली आहे. प्रत्यक्षात नानांना शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नसे. बासरी कशाला, असं मी दिग्दर्शकाला विचारलं, तर तन्मय राजाध्यक्ष गोड हसून म्हणाला, "ताई, मैत्रीला सूर लागतो."

"मैत्रीला लागत असेल. नानांना कधी लागला नाही," मी म्हटलं.

तो आणखी गोड हसला. त्याच्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सिनेमाचं नाव 'सखा ताऱ्यांचा'. खाली लिहिलेलं, 'माणूस आणि परग्रहवासी यांच्या अतूट मैत्रीची हृदयस्पर्शी गाथा'. मी त्या माणसाची मुलगी, अबोली डुंबरे. पुण्यात एका शाळेत मराठी शिकवते. नाव अबोली असलं तरी घरात सगळ्यात जास्त तोंड माझंच चालतं. तेव्हा ही गोष्ट कशी घडली ते मीच सांगते, बासरी वगळून.

नाना म्हणजे रोहिदास डुंबरे. आळेफाट्याच्या पुढे, आणे पठारावर लघुग्रहांवर नजर ठेवणारं मोठं रडार उभारलं, तेव्हापासून ते तिथल्या प्रक्षेपण विभागात होते. रडारचं काम समजायला सोपं आहे. विहिरीत खडा टाकावा आणि आवाज किती वेळाने येतो त्यावरून पाणी किती खोल ते ओळखावं, तसंच. रडार आकाशात रेडिओलहर सोडतं, ती एखाद्या दगडावर आपटून परत येते, आणि तो दगड किती लांब आहे, केवढा आहे, कुठे निघाला आहे हे कळतं. बहुतेक दगड आपल्याच सूर्याभोवती फिरणारे, म्हणजे घरचेच. एका वर्षी मात्र शनीच्याही पलीकडून एक काळा, लांबुळका दगड इतक्या वेगाने आत येताना दिसला, की तो सूर्याच्या घरचा असणं शक्यच नव्हतं. यादीतलं त्याचं आकड्यांचं नाव कोणाच्याच तोंडी बसेना. केंद्रातले लोक त्याला 'पाहुणा' म्हणू लागले.

एक दिवस नाना प्रक्षेपकावरची आवाजाची वाहिनी तपासत होते. तपासताना सगळं जग 'हॅलो, हॅलो' म्हणतं. नाना म्हणाले, "काय पावणं, जेवलात का?"

रडार तेव्हा त्या दगडाकडेच रोखलेलं होतं. लहर परत आली, पण यायला हवी होती त्याहून उशिरा. ती नुसती आपटून आलेली नव्हती. कोणीतरी ती ऐकली होती, थोडा विचार केला होता आणि मग पुन्हा म्हटली होती. "काय पावणं, जेवलात का?" शब्द नानांचे, सूर मात्र निराळा, आपल्यालाही तोच प्रश्न पडल्यासारखा.

पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे. दगडाच्या आत कोणीतरी होतं. ते एक होतं की अनेक, त्याला हातपाय होते की ते बर्फात पसरलेल्या शेवाळासारखं काही होतं, हे आजही कोणाला माहीत नाही. सिनेमात त्याला टपोरे डोळे आणि शेपूट आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी त्याला गणित पाठवलं, चित्रं पाठवली, निरनिराळ्या भाषांमधली शाळेची पुस्तकं वाचून दाखवली. तो सगळं शिकला, पण बोलायचा मराठीतच, आणि ओ द्यायचा फक्त नानांच्या आवाजाला. ज्या आवाजाने पहिल्यांदा जेवणाचं विचारलं तो आवाज त्याने धरून ठेवला. परदेशातले नावाजलेले प्राध्यापक आण्याला मुक्काम करून 'पावणं' म्हणायचा सराव करायचे. 'ण' एकालाही जमला नाही. ते दिवस मजेचे होते, हे मी नाकारत नाही.

एकट्या आईला त्यात मजा वाटत नव्हती. ती पाहुण्याला सवत म्हणायची. "दिसभर त्या पावण्याशी बोलता, घरच्या माणसासंगं दोन शब्द बोलाया काय व्हतं?" ती म्हणायची.

"त्याला कोण हाये गं माझ्याबिगर?" नाना म्हणायचे.

"आन् मला कोण हाये?"

यावर नाना भाकरीचा तुकडा मोडायचे.

आता तो शब्द. नाना रोज काम संपवून उठताना माइकवर म्हणायचे, "बरं पावणं, येतो." आपण सगळेच म्हणतो. एक दिवस पाहुण्याने विचारलं, "तुम्ही जात आहात. मग येतो का म्हणता?"

नानांनी लहान पोराला समजवावं तसं समजावलं. "आमच्यात जातो म्हणू नये. जातो म्हणणं वाईट. जाणारा माणूस येतो म्हणतो. जो जातो, तो येतो, असं समजा. आन् त्यावर आपण म्हणायचं, या."

त्या दिवसापासून नाना "येतो" म्हणाले, की कितीक वेळाने अंतराळातून उत्तर यायचं, "या." टीव्हीवर ते ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही आलं होतं.

त्याच सुमाराला भाषातज्ज्ञांनी एक शोध लावला, आणि तो बातम्यांच्या तळाशी कुठेतरी छापून आला. पाहुण्याच्या भाषेत न होणारी गोष्ट बोलायची सोयच नाही. त्याच्या लोकांत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निरोप पोचायला वर्षानुवर्षं लागतात. निरोप एकदाच जातो, आणि ऐकणारा त्यावर विसंबून सगळं आयुष्य वळवतो. अशा ठिकाणी उगाच बोललेला शब्द म्हणजे खून. म्हणून ते जे होणार तेवढंच बोलतात. आणि आपण? 'एकदा या ना घरी', 'बघू', 'करते फोन', 'जेवल्याशिवाय सोडणार नाही'. आपल्या बोलण्यातून खोटं काढून टाकलं, तर दोन घरांमधलं येणंजाणं बंद पडेल.

पाहुणा मुळात थांबायला आलाच नव्हता. सूर्याला वळसा घालायचा, गोफणीतून गुंडा सुटावा तसा त्याच्या ओढीने वेग घ्यायचा आणि आपल्या घरच्या वाटेला लागायचं, असा त्याचा बेत होता. गोफणीने सुटायला इंधन लागत नाही. थांबायला मात्र भरपूर लागतं. त्याच्याकडे होतं ते इंधन आत ऊब राखण्यासाठी होतं. तेच जाळून वेग कमी केला, तर तो सूर्याभोवती अडकून फिरत राहणार आणि काही वर्षांत गोठून जाणार. हे त्यानेच सांगितलेलं. त्यामुळे सगळे निरोपाच्या तयारीत होते. शाळांमधून मुलांनी निरोपाची गाणी बसवली होती.

आणि सूर्यापाशी आल्यावर पाहुण्याने वेग कमी केला.

जगभर आनंदीआनंद झाला. तो थांबला, आपल्यासाठी थांबला, माणसाच्या प्रेमाने थांबला! आळेफाट्याच्या चौकात पेढे वाटले. त्या गोंधळात त्याचा पुढचा निरोप आला. तोही लोकांनी टाळ्या वाजवतच ऐकला.

"थांबलो. या."

नाना त्या दिवशी घरी आले ते चपला न काढताच ओसरीवर बसले. मी सुट्टीला आले होते. पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"अबोले, ते माझ्यासाठी थांबलेत. मी रोज येतो येतो म्हणत व्हतो ना. त्यांना वाटलं, येतोय."

मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, नाना, एवढा हुशार प्राणी, त्याला साधी बोलायची पद्धत कळणार नाही का? नानांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांना त्याची ओळख होती, मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते केंद्राच्या प्रमुखांकडे, नाडकर्णी मॅडमकडे गेले. यान पाठवता येईल का? नाही. पाहुण्याची नवी कक्षा तिरकी आणि लांबट होती. यान बांधून तिथवर न्यायचं तर माणसाची एक पिढी उलटली असती, आणि तोवर आत बर्फाशिवाय काही उरलं नसतं.

"मग त्यांना खरं सांगतो, मॅडम," नाना म्हणाले. "पुढं गुरूजवळनं जाणार हायेत ते. गुरू बी गोफणच. थोडं इंधन राखून ठेवलंय त्यांनी. नेम धरून गेले तर तिथनं सुटतील अजून."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, "डुंबरे, जग पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झालंय. लढाया थांबल्यात दोन ठिकाणी. अशा वेळी त्याला सांगायचं, की आमचं बोलणं खोटं होतं, तू जा? आंतरराष्ट्रीय समितीचा निर्णय झालाय. त्याला जायला सांगायचं नाही."

"मी सांगणार," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानांच्या ओळखपत्राने केंद्राचं दार उघडलं नाही. निरोप समारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही. गावात सांगितलं गेलं, की तब्येतीमुळे त्यांनी विश्रांती घेतली.

आणि आठवडाभराने आम्ही जेवायला बसलो असताना बातम्यांमध्ये आवाज आला, "काय पावणं, जेवलात का?" आई नानांकडे बघायला लागली. नानांच्या तोंडात घास होता. इतक्या वर्षांत साठलेल्या त्यांच्या बोलण्यावरून केंद्राने त्यांचा आवाज यंत्रात तयार केला होता. हेल तोच, मध्ये खाकरणं तेच. यंत्र पाहुण्याशी हवापाण्याचं बोललं आणि शेवटी, नाना बोलायचे तसंच म्हणालं, "बरं पावणं, येतो."

नाना ताटावरून उठून गेले. आमची जेवणं उरकून भांडी घासून झाली, तेव्हा टीव्हीवर पाहुण्याचं उत्तर आलं. "या."

त्यानंतर नानांनी तो शब्द टाकला. घराबाहेर पडताना म्हणायचे, "जातो."

आईच्या अंगावर काटा यायचा. "जातो काय म्हणता? भरल्या घरात असं अभद्र!"

"दूध आणाया जातोय. जातोय म्हणून जातो म्हणतो."

"दूध घेऊन येतो म्हणा."

"आन् डेअरीत दूध नसलं तर?"

मला हसू यायचं. आईला नाही. तिने त्यांच्याशी अबोला धरला, देवाला नवस बोलली, माझ्याकरवी निरोप धाडले. नाना हटले नाहीत. चाळीस वर्षांचा संसार त्या दोघांनी एका क्रियापदावरून कडू करून घेतला. एकाचंही चुकत नव्हतं, म्हणूनच कोणाला माघार घेता येत नव्हती.

त्या दिवाळीला नानांनी मला एकटीला मळ्यात नेलं. "हे बघ, ते गुरूपाशी पोचतील तवर मी असंन, नसंन. कोणीतरी सांगायला पायजे. तू सांग. माझ्या लेकीला ते ओ देतील."

"मला कोण बोलू देणार, नाना?"

"देतील. कायतरी सोहळा काढतील आन् देतील. दिलं, की सरळ सांग. कोणी येत नाही, निघा. बास. तू मराठीची बाई, फुलवून सांगशील. आडवळणानं नको. त्यांना आडवळण कळत नाही."

मी हो म्हटलं. नानांनी माझा हात हातात घेऊन पुन्हा वदवून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते सकाळी दूध आणायला "जातो" म्हणून गेले आणि डेअरीच्या ओट्यावर बसल्या बसल्या गेले. आई एवढंच म्हणाली, "म्हणलं नव्हतं?" मी तिला सांगितलं, की हृदयाला व्याकरण कळत नसतं. ती म्हणाली, "तुला तरी कुठं कळतं?" तिचं दुःख तिच्या रागाएवढंच मोठं होतं. केंद्रातलं यंत्र त्या दिवशीही पाहुण्याला "येतो" म्हणालं. आम्ही स्मशानातून परतत होतो, तेव्हा कोणाच्या तरी मोबाइलवर ते लागलं होतं.

मग तन्मय राजाध्यक्ष आला. सिनेमा जवळजवळ तयार होता. शेवटी माझे वडील बासरी वाजवत अंतराळयानात चढतात, आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू येतात, आणि पाहुणा शेपूट हलवत दारात उभा असतो. मी त्याला चहाही न देता हाकलणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "पहिला खेळ आण्याला, केंद्रातच करायचाय. सिनेमा सुरू व्हायच्या आधी तुम्ही पाहुण्याशी बोलायचं. नानांची मुलगी, थेट! तो तेव्हा गुरूजवळ असेल. निरोप जाऊन उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच आपला सिनेमा आहे. शेवटची पाटी आली, की त्याचा आवाज. विचार करा, ताई!"

मी विचार केला. गुरूजवळ. म्हणजे सुटायची शेवटची वेळ. मी चहा टाकला. बासरीला होकार दिला, शेपटीला होकार दिला, आईच्या आनंदाश्रूंनासुद्धा दिला.

मला काय बोलायचं ते लिहून मिळालं. "पाहुण्या मित्रा, अवघी मानवजात तुझ्यावर प्रेम करते. आम्ही येतो." नाडकर्णी मॅडमनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "अबोली, यापलीकडे शब्द गेला तर मला वाहिनी बंद करावी लागेल. बटण माझ्याच हाताशी आहे." मी मान डोलावली. म्हणजे मला एखाददुसरंच वाक्य मिळणार होतं, आणि ते पहिलंच असायला हवं होतं. पुण्याहून येताना एसटीत मी पूर्ण वेळ तेच घोकत होते. कोणी येत नाही, निघा. कोणी येत नाही, निघा. शेजारची बाई माझ्यापासून सरकून बसली.

केंद्राच्या आवारात मांडव घातला होता. दुपारची वेळ, पठारावरचा वारा, कनाती फडफडत होत्या. मंत्री, नट, नट्या, गावकरी. पहिल्या रांगेत आई, नव्या लुगड्यात, रिकाम्या कपाळाने. मला माइकपाशी नेलं. तो नानांचाच जुना माइक होता. मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, ती नानांनी गुंडाळलेली. मॅडमनी वाहिनी चालू केली, लाल दिवा लागला.

मी तोंड उघडलं. कोणी येत नाही, निघा, एवढंच म्हणायचं होतं. पण अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य असं कसं बोलणार? मी कोण, हे त्याला कळायला नको? आणि तो चिकटपट्टीवाला माइक, आणि समोर आई. तोंडातून आलं ते असं आलं.

"पावणं, मी अबोली. नानांची मुलगी. नाना गेले."

पुढचं वाक्य ओठांवर होतं. पण आवाज फुटला, हुंदका आला, आणि त्या एका हुंदक्यात मांडव उभा राहिला. टाळ्या, टाळ्या, टाळ्या. तन्मय धावत येऊन गळ्यात पडला. त्याच्या खांद्यावरून मी माइककडे ओरडले, "कोणी येत नाही! निघा!" पण दिवा विझलेला होता. मॅडम डोळे पुसत होत्या. त्यांनी काही आकसाने बंद केलं नव्हतं. त्यांना वाटलं, मला पुढे बोलवत नाही.

"मॅडम, अजून एक वाक्य. एकच."

"पुरे गं. हेच इतकं सुंदर झालं."

सिनेमा सुरू झाला. मी आईशेजारी बसले. थोड्या वेळाने मी हिशेब मांडला. ठीक आहे, ठरलं ते वाक्य गेलं नाही. पण नाना गेल्याचं तर त्याला कळलं. आता यंत्राचा आवाज खोटा, हे त्याला समजेल. ज्याची वाट बघतोय तोच जगात नाही, तर येणार कोण? तो हुशार आहे. तो निघेल. पडद्यावर नाना बासरी वाजवत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, निघा पावणं, निघा. जन्मात पहिल्यांदा मला तो सिनेमा बरा वाटायला लागला.

शेवट आला. पडद्यावरचे नाना यानाच्या पायरीवर वळले, हात हलवला आणि म्हणाले, "येतो." यान उडालं. पाटी आली. आणि अंधाऱ्या मांडवात पाहुण्याचा खरा आवाज आला.

"अबोली. नाना गेले. जो जातो, तो येतो. बरं झालं. वाट लांब आहे. त्यांना दिसावं म्हणून दिवा लावतो. या."

मग मांडवात जो जल्लोष झाला, तसा मी कधी ऐकला नाही. सिनेमात नाना निघाले आणि तिकडे त्याला खरंच कळलं की नाना निघाले! लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मंत्री रडत होते. तन्मयने गुडघे टेकले. मोठी माणसं लहान मुलांसारखी ओरडत होती, "दिवा लावतो म्हणाला! दिवा!"

मी मराठी शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते, की मृत्यूसाठी आपल्याकडे किती सौम्य शब्द आहेत. गेले. देवाघरी गेले. निघून गेले. सोडून गेले. आमच्या भाषेत माणूस मरतच नाही, सगळे कुठे ना कुठे जातात. मेला म्हणायचं ते झुरळाला आणि वैऱ्याला. बापाला कोणती मुलगी मेला म्हणेल? माझी जीभ वळलीच नसती. नाना म्हणाले होते, सरळ सांग. मला वाटलं, मी सरळच सांगितलं.

दिवा म्हणजे काय ते मॅडमनी रात्रीपर्यंत मोजून काढलं. त्याने राखून ठेवलेलं इंधन पेटवलं होतं. गुरूपाशी सुटण्यासाठी होतं तेच, आणि उबेसाठी उरलं होतं तेही. आठवड्यात तो गुरूच्या बाजूने पुढे गेला आणि सुटायची वेळ टळली. साध्या दुर्बिणीतून गुरूच्या शेजारी पिवळसर ठिपका दिसू लागला. शाळांच्या सहली निघाल्या. मीही माझ्या वर्गाला घेऊन गेले, मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून. एक मुलगी म्हणाली, "बाई, किती छान ना, कोणीतरी कोणासाठी दिवा लावतं." मी तिला दुर्बिणीपासून लवकर बाजूला केलं. तिला उगीच वाटलं, की मी रागावले.

नंतर नाडकर्णी मॅडम आमच्या घरी आल्या. ओसरीच्या कडेला बसल्या, आईने दिलेला चहा निवू दिला.

"अबोली, त्या दिवशी मी बटण बंद करायला नको होतं. मला आत्ता कळलं, तू काय म्हणणार होतीस." मग म्हणाल्या, "यंत्र बंद केलंय मी. आता तू बोल. हवं ते बोल. समितीचीही हरकत नाही."

"आता समितीची हरकत कशी असेल?" मी म्हटलं. "तो आता कुठे जाणार आहे?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या बोलण्याने मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

मी पायात चपला घातल्या. आई दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं ज्याला ती सवत म्हणायची, त्याच्याबद्दल पहिल्यांदाच म्हणाली, "थंडीत बसलंय गं ते. काय सांगणार हायेस त्याला?"

"बघते."

"खरं सांगून आता काय भाकरी भाजणार हाये का?"

मी पायरी उतरले. आई दारातच उभी राहिली, माझ्या शब्दाची वाट बघत. मी मागे वळून म्हटलं, "येते गं."

"ये," आई म्हणाली.

नानांच्या खुर्चीवर मी बसले. लाल दिवा लागला. आता कोणाचा हात बटणावर नव्हता. वाटेल तितका वेळ होता, वाटेल ती वाक्यं होती. कोणी येत नाही, हे वाक्यही होतं, आणि ते खरं होतं, आणि ते ऐकून त्याला करण्यासारखं काहीही उरलेलं नव्हतं. दिवा लावून बसलेल्या माणसाला सांगायचं, की वाटेवर कोणी नाही? माझ्याच्याने झालं नाही.

"काय पावणं, जेवलात का?" मी म्हटलं.

मग मी त्याला इकडचं तिकडचं सांगितलं. बाजरी चांगली आली म्हणून. आईचे गुडघे दुखतात म्हणून. त्याचा दिवा इथून दिसतो, पोरं बघायला जातात म्हणून. नानांचं काही बोलले नाही. सांगण्यासारखं संपलं, तेव्हा माइकच्या मानेवरची सुटत आलेली चिकटपट्टी दाबून बसवली. दिवा लाल होता आणि उठताना काहीतरी म्हणायला हवं होतं.

"बरं पावणं," मी म्हटलं, "येते."

मॅडमनी मला चहा दिला. तो पिऊन, कप विसळून मी परत येऊन बसले तरी उत्तर यायला अवकाश होता. मग आलं. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता.

"या."